पांढरी आग

ईश्वरप्पा बिराजदारांना त्या साली कुणी काही विचारलं की आधी कपाळाला आठी पडायची आणि मग, पडलंच तर, तोंडातून उत्तर पडायचं. माणूस मुळात वाईट नव्हता, सांगून सांगून बेजार झाला होता. सोयरे विचारायचे, चालती डाळमिल बंद करून हे भलतंच काय मांडलंस? बँकेतला साहेब चष्मा कपाळावर सरकवून विचारायचा, मॅग्नेशियम म्हणजे नेमकं काय हो? न्हाव्याच्या दुकानात तर रोजचाच तमाशा. "अप्पा, तुमच्या शेडात म्हने मोटारीचं स्टिअरिंग हुतंय. मग मोटार कवा निघनार?" अप्पा आरशात बघत म्हणायचे, "तू दाढी कर बाबा, कान कापू नको."

चालती मिल म्हणे! चालती कसली? तीन सालं झाली, तूर नावाची वस्तू उदगीरच्या मोंढ्यात डोळ्यांनी बघायची म्हटलं तरी मिळत नव्हती. लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागत होतं, तिथं तुरीला कोण पाणी देणार? मिलचे पट्टे लोंबकळत राहिले, उंदीरसुद्धा दुसरीकडं गेले. तशात अप्पांचा मेव्हणा चाकणला मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होता. तो दिवाळीला आला तेव्हा त्यानं पिशवीतून एक सांगाडा काढून अप्पांच्या मांडीवर ठेवला. स्टिअरिंगचा आतला सांगाडा. वर फोम आणि चामडं चढतं, आत हा असतो. अप्पांनी तो उचलला आणि हात उगाच वर गेला, कारण एवढ्या मोठ्या चाकाला काही वजनच नव्हतं. लोखंडाचा असता तर मांडी दुखली असती.

"मॅग्नेशियमचं मिश्रण हाय दाजी," मेव्हणा म्हणाला. "लोखंडापेक्षा लई हलकं. गाडी जेवढी हलकी तेवढं तेल कमी पितीय. आता समद्या कंपन्यांना हेच पायजे."

अप्पांना ते पटलं. थकलेल्या माणसाला हलकी वस्तू लवकर पटते, दुसरं काय! शिवाय त्या दिवसांत हवाच तशी होती. उदगीरचा जिल्हा होणार, जाहीर होणार, झाल्यातच जमा आहे, असं जो तो सांगून राहिला होता. जिल्हा झाला की मोठी वसाहत येणार, कारखाने येणार, आधी जागा धरील तो राजा. जळकोटचा तालुका झाला तेव्हाही अशीच हवा होती आणि तालुका झाला म्हणून तिथं पाऊस काही जास्त पडला नव्हता, पण हे त्या वेळी बोलायची सोय नव्हती. अप्पांनी मिलची डाळ भरडायची जाती काढली, चाकणहून एक जुनं मशीन आणलं, भट्टी बसवली आणि कामाला घरचीच माणसं घेतली. चुलतभावाचा पोरगा गुरुलिंग मशीनवर, बाकी चौघं मेव्हण्या-पाव्हण्यांतली.

काम असं होतं. ट्रकमधून चांदीसारख्या विटा यायच्या. त्या भट्टीत वितळवायच्या, पण झाकण लावून आणि वर गॅस सोडून, कारण या धातूला तापल्यावर हवाही सोसत नाही, लगेच पेट घेतो. मग मशीन तो रस साच्यात दाबायचं आणि सांगाडा बाहेर पडायचा. त्याच्या कडा घासून साफ केल्या की झाला तयार. आणि या सगळ्यात पाण्याचा थेंब नको. थेंब म्हणजे थेंब! विटासुद्धा आधी शेकून घ्यायच्या, उगाच त्यांना दमटपणा असला तर.

अप्पा कधी खुशीत असले तर म्हणायचे, "आपल्या भागाला हाच धंदा पायजे होता. पाणी मागतच न्हाई!"

पण हसायची ती गोष्ट नव्हती, हे अप्पांना पुरतं ठाऊक होतं. धंदा सुरू करायच्या आधी ते स्वतः चाकणला जाऊन शिकून आले होते. तिथल्या शिकवणाऱ्यानं सगळ्यांना काळे चष्मे दिले, लोखंडी ताटलीत या धातूचा मूठभर कीस टाकला आणि पेटवला. पिवळी नाही, लाल नाही, पांढरीशुभ्र आग. चष्म्यातूनसुद्धा डोळ्यांत पाणी आलं. मग त्या माणसानं लांब दांड्याच्या चमच्यानं त्यावर चमचाभर पाणी टाकलं. असा बार झाला की ताटली भिंतीवर जाऊन आपटली. हा धातू जळताना पाण्यातलाच गॅस मोकळा करतो आणि तो गॅस फुटतो, असं त्यानं समजावलं. मागून कुणीतरी विचारलं, साहेब, आणि बादली पडली तर? साहेब म्हणाला, तर मग हे विचारायला तुम्ही नसाल. विझवायचं ते कोरड्या वाळूनं, नाहीतर विझवायचंच नाही, लांब उभं राहून जळू द्यायचं.

म्हणून अप्पांनी शेडच्या कोपऱ्यात वाळूची पोती रचून ठेवली होती. चांगली उन्हात वाळवलेली, तोंडं शिवलेली. आणि ती पोती फेब्रुवारीत गेली. कुठं गेली? घरच्या हौदाला! टँकरचं पाणी साठवायला हौद बांधायचा होता आणि गावात वाळू मिळत नव्हती. गौरम्मा, म्हणजे अप्पांची बायको, एक दिवस भडकली. "घरात प्यायला पानी न्हाई आन तुमची वाळू तिथं पाव्हन्यासारखी बसून हाय!" बोलली ते खोटं नव्हतं. दोन पोती ठेवून बाकीची गवंड्याला दिली. पुन्हा आणू म्हणता म्हणता एप्रिल उजाडला. आज आणू, उद्या आणू. ज्या माणसाला रोज सकाळी पाण्याच्या मागं धावायचं असतं त्याला वाळूच्या मागं धावायला कुठला वख्त?

त्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली होती. चौघं घरी गेले होते, कारण त्यांच्या गल्लीत नळ यायचा होता आणि नळ येणं म्हणजे लग्नघटिका, चुकवून चालत नाही. गुरुलिंग तेवढा एक सांगाडा घासून संपवतो म्हणून मागं राहिला. अप्पा बाहेर लिंबाखाली खाटेवर पडले होते. डोळा लागतो न लागतो तोच आतून हाक आली.

"अप्पा! अप्पा, धावा!"

घासण्याच्या चाकाची ठिणगी बाजूच्या पिंपात पडली होती. पिंपात कडा घासून पडलेला महिन्याभराचा कीस. अप्पा दारात पोचले तेव्हा आतला कोपरा असा पांढरा झाला होता की तिकडं बघवत नव्हतं. गुरुलिंगनं एक पोतं फोडून ओतलं होतं. आग दबली, धुमसली आणि शेजारच्या पिंपानं पेट घेतला. अप्पांनी दुसरं पोतं ओढलं. शिवण सुटेना, दातांनी तोडली. ती वाळूही गेली. पुढं भट्टी होती आणि भट्टीत काठोकाठ रस होता.

अप्पांनी मेन स्विच पाडला आणि गुरुलिंगच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं. त्याच्या हाताचे केस जळाले होते, कातडी लाल झाली होती. बाकी धड होता.

"बंबाला फोन लावतो," गुरुलिंग म्हणाला.

"पानी घिऊन येतील ते! वाळू पाठवा म्हन. ट्रकभर कोरडी वाळू. बंब आला तर गेटाच्या आत घिऊ नको, मी सांगितलं म्हन."

गुरुलिंग फोन लावीत रस्त्याकडं पळाला. अप्पा दारासमोर उभे राहिले. करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. पत्रा तडतडत होता. बँकेतल्या साहेबाचं, सोयऱ्यांचं, न्हाव्याचं, सगळ्यांचं तोंड एकदम डोळ्यांसमोर आलं आणि गेलं. खरं सांगायचं तर त्यांना क्षणभर बरंच वाटलं. जळू दे, म्हणाले ते मनाशी. आता कुणाला काही समजावून सांगायला नको.

पण समजावायचं राहिलंच होतं. सगळ्यात अवघड तेच राहिलं होतं.

रस्त्याच्या पलीकडं भीमनगर. त्या वस्तीत आठवड्यानं त्याच सकाळी टँकर आला होता. घराघरात घागरी, हंडे, डबे भरून झाकून ठेवलेले होते. त्या पाण्यासाठी पहाटेपासून भांडणं झाली होती, एकीचा कान फाटला होता. आणि आता "बिराजदाराची मिल पेटली!" अशी आरोळी उठली तशा त्याच बाया त्याच घागरी उचलून रस्ता ओलांडून पळत येत होत्या. शेड होऊन साल उलटलं तरी त्यांच्या तोंडी अजून मिलच. वीस-वीस वर्षं डाळ निवडायला येत होत्या तिथं, दुसरं नाव कशाला येईल तोंडात?

पुढं साखराबाई होती. साठीची, वाळलेली, डोक्यावर पितळी घागर. तिच्यामागं तिची सून पारूबाई दोन्ही हातांत बादल्या घेऊन, आणि तिच्यामागं अख्खी गल्ली.

अप्पा घाबरले की त्यांच्या तोंडात घरची कानडी यायची. दोन्ही हात पसरून ते दारात आडवे झाले. "नीरु ब्याडा! नीरु ब्याडा!" मग भान आलं. "पानी नको! साखरे, थांब! पानी नको!"

बाया थांबल्या. थांबल्या म्हणजे चालता पाय अधांतरी राहावा तशा थांबल्या.

"काय म्हनले?" साखराबाईनं विचारलं.

"पानी नको म्हनलो. मागं सरा समद्या. लई मागं."

"अवो अप्पा, जळून राहिलं की आत!"

"जळू दे. पानी टाकू नका, पाया पडतो. ह्या आगीला पानी चालत न्हाई. पानी पडलं की आनखी पेटतंय, बार हुतोय, मानसं मरतील."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. आता तुम्हीच सांगा, जन्मभर पाण्यानं आग विझताना बघितलेल्या माणसाला, भर दुष्काळात, दारात उभं राहून कुणी म्हणालं की पाण्यानं आग पेटते, तर त्याला काय वाटेल? जगातली सगळ्यात भिकार थाप वाटेल. मागून एक बाई फिस्सकन हसली. "पानी जळतंय म्हन. आइका!"

साखराबाई हसली नाही. तिचं तोंड हळूहळू मिटत गेलं. अप्पांनी ते बघितलं आणि ती आता काय बोलणार हे त्यांना कळलं.

"आमच्या पान्याचा आगीलाबी इटाळ हुतो व्हय, अप्पा?"

मिलच्या दिवसांत दोन माठ होते. एक आत, हापिसाच्या दाराशी. दुसरा बाहेर, भिंतीच्या कडेला, डाळ निवडणाऱ्या बायांसाठी. अप्पांच्या आईनं, पार्वतम्मानं, तशी व्यवस्था लावलेली होती. ती गेली तरी व्यवस्था राहिली. अप्पांनी कधी कुणाला वाईट बोल लावला नाही, मजुरी बुडवली नाही, भीमनगरातल्या लग्नाला आहेर पाठवला. स्वतः गेले नाहीत, गेलेच तर मांडवात उभ्या उभ्या नारळ देऊन आले. चहा घ्या म्हटलं तर आताच घेतला म्हणायचे. आणि नवी शेड झाली तेव्हा कामाला माणसं घेताना रस्त्यापलीकडचं एखादं घ्यावं, हे नको वाटलं असं नाही, मनातच आलं नाही. आलं असतं तर? पारूबाई कडा घासायला असती तर आज तिनंच साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं असतं की पाणी नका आणू. रस्त्यापलीकडच्या एकाही माणसाला ही गोष्ट ठाऊक नव्हती, कारण आतला एकही माणूस त्यांच्यातला नव्हता.

"तसं न्हाई साखरे. शपथ घिऊन सांगतो."

"मग कसं?"

"हा धातूच येगळा हाय. चाकनला मी डोळ्यांनी बगितलंय."

"आमी न्हाई बगितलं," साखराबाई म्हणाली.

तेच तर होतं. त्यांनी बघितलं नव्हतं. आणि बघायची एकच वाट होती. एक घागर आत पडली असती तर सगळ्यांना पटलं असतं आणि पटून घ्यायला कुणी उरलं नसतं. घागर पडली नाही तर बाया जिवंत राहणार, आणि बिराजदारानं जळत्या मिलीला आमचं पाणी शिवू दिलं नाही, हे नातवंडांना सांगत राहणार. अप्पांना एवढा थकवा आला की दारातच खाली बसावं वाटलं.

तेवढ्यात पारूबाई बाजूनं निसटली. तरणी पोर, तिला हे बोलणं ऐकायला वेळ नव्हता. "मरू द्या त्यांचं सोवळं," म्हणत ती बादली घेऊन दाराच्या फटीकडं धावली. अप्पांनी झेप घेऊन बादलीची कडी धरली. ती ओढू लागली, हे ओढू लागले. बादली कलंडली आणि सगळं पाणी रस्त्याच्या धुळीत गेलं.

बायांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. शिवी नव्हती, रडणंही नव्हतं. त्या साली सांडलेलं पाणी बघून माणसाच्या तोंडून जो निघायचा तो आवाज. मग मात्र गलका झाला. "सांडलं! जानून सांडलं!" "चला गं, टाका आत! काय करतोय बगू!" घागरी डोक्यावरून हातात आल्या. अप्पांच्या पाठीमागं दाराच्या फटीतून पांढरा उजेड येत होता आणि त्या उजेडात सगळ्यांची तोंडं चुना फासल्यासारखी दिसत होती. भट्टीतला रस अजून आतच होता. अप्पा एकटे, समोर वीसेक बाया. कितीजणींना धरणार?

काय करावं हे त्यांना सुचलं असं म्हणता येणार नाही. ते पुढं झाले आणि साखराबाईच्या हातातली घागर त्यांनी दोन्ही हातांनी काढून घेतली. तिला वाटलं ही पण सांडतात. ती ओरडली. पण अप्पांनी घागर उचलली, तोंडाला लावली आणि प्यायला लागले. भांड्यात ओतून नाही, ओंजळीत नाही, काठाला ओठ लावून. घटाघट. पोटात गेलं त्याहून जास्त पाणी हनुवटीवरून ओघळलं, सदऱ्यात शिरलं, गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी भिजली. दम संपला तशी घागर खाली आली. अप्पांना ठसका लागला.

"बग," ते म्हणाले. "पितो मी. तुझ्या हातचं पितो, पारूच्या हातचं पितो, समद्यांच्या घागरी उष्ट्या करतो. पन आत न्हाई जाऊ द्यायचो. मला आधी मारा आन मग जा."

आत पत्र्याचा एक भाग वाकून खाली आला, त्याचा आवाज झाला. बाया मागं सरकल्या. आधी दोन पावलं, मग रस्त्याच्या मध्यापर्यंत. पारूबाईनं उरलेली बादली खाली ठेवली. आगीला हात लावायला आता कुणी जाणार नव्हतं. जिता माणूस स्वतःच्या दारात, आपल्या घागरीला तोंड लावून, जीव द्यायला तयार होऊन उभा राहिलेला बघितल्यावर कोण पुढं जाईल? अप्पांना जे हवं होतं ते झालं. सगळ्याजणी जिवंत होत्या.

साखराबाई मात्र जागची हलली नाही. ती त्यांच्या ओल्या सदऱ्याकडं बघत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. दिवसभर निवडलेल्या डाळीत शेवटी खडा निघावा तशी ती दमून बोलली.

"अप्पा, वीस सालं तुमच्या मिलीत डाळ निवडली मी. समोरच राहते. माझा मालक वारला तवा दारापस्तोर आले तुमी, मी पान्याचा तांब्या पुढं केला, आताच पिऊन आलो म्हनले. इतक्या सालांत येकदाबी तहान लागली न्हाई तुमाला?"

लागली होती, असं अप्पांनी म्हणावं, तर ते खरं होतं आणि खोटं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

साखराबाईनं त्यांच्या हातातून घागर घेतली. ती कलती करून आत डोकावली. निम्मीही उरली नव्हती.

"नातवंडांचं हाय हे," ती म्हणाली. "पुढल्या टँकरपस्तोर पुरवायचं हाय."

तिनं घागरीचा काठ पदराच्या टोकानं पुसला, पदर वर झाकला आणि ती रस्ता ओलांडून घरी गेली.